साहेब साक्षीला आले नाहीत

गोरख ओव्हाळ यांनी एकतीस वर्षं रेल्वेत कीमनचं काम केलं. कीमन म्हणजे आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी चालून तपासणारा माणूस. मळवली स्टेशनातून सकाळी निघायचं, खांद्यावर हातोडा, हातात लांब पाना, सहा किलोमीटर जाऊन परत यायचं. रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर ती ठोकून बसवायची, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी लावून गाडी थांबवायची, आणि परत आल्यावर काय पाहिलं ते डायरीत लिहून खाली सही करायची. भाज्याच्या बौद्धवस्तीत त्यांचं घर. शिक्षण दहावी, अक्षर ठसठशीत. त्यांच्या वाट्याच्या रुळावर कधी काही घडलं नाही. एकदा शेजारच्या पट्ट्यात मालगाडीचा डबा घसरला, तेव्हा चौकशीत साक्षीला त्यांना पुण्याला बोलावलं होतं. आई जाऊन दुसराच दिवस होता. तरी ते गेले. "बोलावणं आलं व्हतं," एवढंच त्यांनी मला त्याबद्दल सांगितलं. न जाण्याचा विचार करता येतो हेच जणू त्यांना ठाऊक नव्हतं.

हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं त्याचा त्यांना एवढा संताप का आला ते यावरून कळतं.

त्यांचा एकुलता मुलगा सुहास आंबीच्या एका कारखान्यात होता. लोखंडी सुट्या भागांना रंग द्यायचा आणि तो मोठ्या भट्टीत सुकवायचा, असं तिथलं काम. २०१८ च्या फेब्रुवारीत सकाळच्या पाळीत त्या भट्टीचा स्फोट झाला आणि तीन कामगार गेले. एक कामशेतचा, एक बिहारहून आलेला, आणि तिसरा सुहास. चौतीस वर्षांचा. त्याची बायको मानसी मूळची आंबीची, तळेगावच्या शाळेत माझी विद्यार्थिनी. मी तिथं तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणून ही सगळी माणसं माझ्या ओळखीची झाली.

कारखान्यानं सांगितलं, सुहासनं भट्टीचं दार वेळेआधी उघडलं, त्यामुळं स्फोट झाला. पोलिसांच्या कागदातही तेच उतरलं. मेलेला माणूस उलटून बोलणार नव्हता. पण मानसीला एक गोष्ट माहीत होती. स्फोटाच्या तीन महिने आधी सुहास घरी येऊन म्हणाला होता की, सरकारचा इन्स्पेक्टर आला होता, दोन तास भट्टी बघत होता, आणि ही बंद करा असं मॅनेजरला सांगून गेला. म्हणजे कुठंतरी त्या इन्स्पेक्टरचा अहवाल असणार. गोरखभाऊंना तो अहवाल हवा होता. गेलेला मुलगा परत येणार नव्हता, पण त्याच्या माथी मारलेली चूक तरी उतरली असती.

त्यांनी कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्याकडं माहितीच्या अधिकारात अर्ज केला. खात्यानं कळवलं की असा अहवाल उपलब्ध नाही. त्यांनी अपील केलं. तेव्हा उत्तर आलं की सदर अहवाल कारखान्याच्या व्यापारी गुपिताशी संबंधित असल्यानं देता येत नाही. ती दोन्ही पत्रं घेऊन ते मानसीबरोबर माझ्या घरी आले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"बाई, आधी म्हणले न्हाईच," ते म्हणाले. "आता म्हणत्यात देणार न्हाई. म्हंजी हाये."

विधिमंडळाकडं विनंती अर्ज करता येतो हे मीच त्यांना सुचवलं. आमदारांच्या मार्फत अर्ज गेला की विधिमंडळाची समिती तो तपासते. तिला कुठल्याही अधिकाऱ्याला साक्षीला बोलावता येतं, कुठलाही कागद मागवता येतो. हे सगळं मी त्यांना वर्गात सांगावं तशा आवाजात सांगितलं. कार्यकारी मंडळ कायदेमंडळाला जबाबदार असतं, हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं होतं आणि परीक्षेत त्याला दोन गुणही दिलेले होते. गोरखभाऊंना ते पटलं. आपण निवडून दिलेली माणसं साहेबाला बोलावणार आणि साहेबाला यावं लागणार, यात त्यांना काहीच अवघड वाटलं नाही.

अर्ज मंजूर व्हायला वर्ष गेलं. २०२२ मध्ये मुंबईला पहिली तारीख लागली. खात्याच्या प्रमुख साहेबांनी मूळ अहवालासह हजर राहावं असं समितीनं लेखी कळवलं होतं. मी सोबत गेले. गोरखभाऊ पांढरा सदरा घालून आले होते, आणि आत शिरताना सगळ्यांना जय भीम म्हणाले. समितीच्या प्रमुख एक वयस्क आमदार होत्या, लांबच्या जिल्ह्यातल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी साहेबांच्या नावाची चौकशी केली, तर एक हाताखालचे अधिकारी उभे राहिले आणि म्हणाले की साहेब दौऱ्यावर आहेत. अहवाल कुठं आहे, असं ताईंनी विचारलं. त्यावर बोलण्याचे अधिकार मला नाहीत, असं ते म्हणाले. मग तुम्ही कशाला आलात, असं एका सदस्यानं विचारलं. पुढची तारीख पडली.

दुसरी तारीख चार महिन्यांनी आली. त्या दिवशी जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सुहास गेल्यावर मानसी लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला लागली होती. खोल्या लावणं, चादरी बदलणं, सभागृहात कार्यक्रम असला की खुर्च्यांना कव्हरं घालणं. आम्ही विधान भवनात बाहेरच्या बाकावर बसलेलो असताना तिचा फोन आला. हॉटेलात सकाळपासून एक कार्यशाळा चालू होती. कारखान्यांतली सुरक्षितता असा विषय होता, भिंतीएवढा बॅनर लावला होता, आणि त्यावर त्याच साहेबांचं नाव आणि फोटो होता. ते स्वतः व्यासपीठावर बसलेले तिनं पाहिले. कारखान्यांचे मालक त्यांना शाल घालत होते. गोरखभाऊंनी तिला दोनदा विचारलं, नीट बघितलं का म्हणून. ती म्हणाली, आबा, मी त्यांच्यापुढं पाण्याची बाटली ठेवून आले.

आत गेल्यावर तेच हाताखालचे अधिकारी उभे राहिले. साहेबांची प्रकृती ठीक नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. गोरखभाऊंनी हात वर केला.

"ताई, सायेब आजारी न्हाईत. लोणावळ्यात हायेत. माझ्या सुनंनं आत्ता त्यांच्या म्होरं पाणी ठिवलं."

ताईंनी त्या अधिकाऱ्यांकडं पाहिलं. ते हातातल्या कागदाकडं बघत राहिले आणि मला याची कल्पना नाही म्हणाले. कदाचित नसेलही. त्या बिचाऱ्याला कागद देऊन पाठवला होता.

"एक इचारू का?" गोरखभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला रेल्वेनं साक्षीला बोलावलं तवा आई जाऊन दुसरा दिस व्हता. मी गेलो. गेलो नसतो तर तिसऱ्या दिशी चार्जशीट आलं असतं. ह्यांना तुमी बोलावलं, सगळ्या राज्याच्या वतीनं बोलावलं, आन् ते आले न्हाईत. मंग ह्यांना आणतं कोण?"

"सभागृह," ताई म्हणाल्या. आम्ही अहवाल द्यायचा, हक्कभंगाची सूचना द्यायची, ती मान्य झाली तर हक्कभंगाची वेगळी समिती चौकशी करते आणि मग सभागृह शिक्षा ठरवतं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"आन् तवर?"

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नसलेलं उत्तर त्यांनी बनवून दिलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोरखभाऊ माझ्या घरी आले, हातात राज्यघटनेची मराठी प्रत. त्यांच्या घरी ती तथागतांच्या मूर्तीशेजारी असते, आणि तिला ते हात धुऊन हात लावतात. विधिमंडळाला किती अधिकार आहे ते कुठं लिहिलंय ते दाखवा, म्हणाले. मी कलम १९४ काढून दिलं. त्यांनी बोट ठेवून हळूहळू वाचलं. विधिमंडळाचे अधिकार आणि विशेषाधिकार विधिमंडळ कायद्यानं वेळोवेळी ठरवील, आणि तसे ठरेपर्यंत पूर्वीचेच चालतील, असा त्याचा अर्थ.

"मंग ठरवला का कायदा?"

एकत्र लिहिलेला असा कायदा आजवर झालेला नाही, असं मी सांगितलं.

"सत्तर वर्सांत?"

मला लाज वाटली. मी काही आमदार नव्हते, पण तीस वर्षं मुलांना हे सगळं चालतं असं शिकवलं होतं. पुस्तकात जबाबदार असा शब्द होता. जबाबदार माणूस बोलावल्यावर आलाच नाही तर काय, हा धडा पुस्तकात नव्हता, आणि मीही कधी तो प्रश्न विचारला नव्हता.

तिसऱ्या तारखेला ताईंनी वेगळी वाट धरली. ज्यानं तपासणी केली त्या इन्स्पेक्टरलाच त्यांनी साक्षीला बोलावलं. त्याचं नाव गंधार. भट्टी पाहिल्यानंतर दोनच महिन्यांत त्याची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली होती. वरिष्ठांनी परवानगी दिली नाही, तरी रजा टाकून आणि दीड दिवसाचा प्रवास करून तो आला. तिशीतला, सडपातळ, फार कमी बोलणारा. त्यानं सांगितलं की अहवाल आठ पानांचा होता आणि अकरा नोव्हेंबरला त्यानं तो वर पाठवला होता. भट्टी जास्त तापली की ती आपोआप बंद करणारा स्विच वायर जोडून निकामी केलेला होता, म्हणजे कामगार ज्याला बायपास म्हणतात ते केलं होतं, आणि भट्टी लगेच थांबवावी असं त्यानं लिहिलं होतं. प्रत मात्र त्याच्याकडं नव्हती. ती काढून घेतली होती.

बाहेर आल्यावर तो गोरखभाऊंच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी पुन्हा एकदा जाऊन बघायला हवं होतं." गोरखभाऊंनी त्याचा हात हातात घेतला. ते म्हणाले, तुमी तुमची सही केली, पुढचं काम पुढच्याचं व्हतं.

पंधरा दिवसांनी गंधारला खात्याची नोटीस आली. परवानगी नसताना मुख्यालय का सोडलं याचा खुलासा करा. समितीनं बोलावल्यावर जो आला त्याला नोटीस, आणि जो दोनदा आला नाही त्याला कुणी साधा जाब विचारला नाही. साक्षीदाराला त्रास देणं हाही हक्कभंगच आहे, असं ताईंनी खात्याला कडक शब्दांत कळवलं, तेव्हा ती नोटीस मागं घेतली गेली. मागं घेतली, म्हणजे फाइलमध्ये राहिली.

अहवाल आहे हे आता नोंदीवर आलं होतं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मग खात्यानं शेवटची ढाल काढली. हा कागद उघड करणं राज्याच्या हिताला बाधक आहे, सबब सादर करता येत नाही, असं पत्र समितीला आलं. नियमात सरकारला तशी सवलत आहे. देशाच्या किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असला तर कागद रोखता येतो. ती सवलत रंगाच्या भट्टीसाठी वापरली गेली.

चौथ्या तारखेला ताईंनी खात्याच्या सचिवांनाच बोलावलं. ते आले. ताईंनी ते पत्र त्यांच्यासमोर सरकवलं. खाली सही होती एका अवर सचिवाची, आदेशावरून अशी. ताईंनी विचारलं की आदेश कुणाचा. सचिव म्हणाले, बघून सांगतो.

"बघू नका," ताई म्हणाल्या. "हा कागद बाहेर आला तर राज्याचं कोणतं हित बुडतं ते चार ओळींत लिहा, आणि खाली तुमची किंवा मंत्र्यांची सही करून आठ दिवसांत द्या. मी ते तसंच सभागृहात वाचून दाखवीन."

आठ दिवस गेले, महिना गेला. त्या चार ओळी कुणी लिहिल्या नाहीत. नाव न घालता सांगायची गोष्ट होती ती, नाव घालून सांगायला कुणी पुढं आलं नाही. आणि २०२३ च्या डिसेंबरात एका साध्या खाकी पाकिटातून अहवालाची प्रत समितीकडं पोचली. सोबत ना खुलासा, ना माफी. इतकी वर्षं जो कागद नव्हता, गुपित होता आणि राज्याचा घात करणारा होता, तो शेवटी टपालानं आला.

समितीनं आपला अहवाल सभागृहात ठेवल्यावर गोरखभाऊंना ती प्रत मिळाली. मानसी आणि मी त्यांच्याकडंच होतो. त्यांनी ओट्यावर बसून आठही पानं वाचली. सातव्या पानावर स्विचचं सगळं होतं, गंधारनं सांगितलं तसंच. पण ते थांबले पहिल्या पानावर. वरच्या कोपऱ्यात साहेबांच्या हातचे दोन शब्द होते आणि खाली तारीख.

"चर्चा करावी," गोरखभाऊंनी मोठ्यानं वाचलं. "मंग केली का चर्चा?"

त्यानंतर त्या कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत भट्टी चालू होती, रोज तिन्ही पाळ्यांत. मानसी उठून आत गेली. गोरखभाऊ कागद मांडीवर ठेवून समोरच्या रस्त्याकडं बघत होते. लेण्यांकडं जाणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी जात होत्या. मग ते म्हणाले की, माझ्या डायरीत मी असं लिवलं असतं, रूळ तुटलाय, चर्चा करावी, तर मला फाशी दिली असती आन् ती बरोबर दिली असती.

त्या अहवालामुळं काहीच झालं नाही असं नाही. वडगावच्या कोर्टात पुरवणी आरोपपत्र गेलं, त्यात कारखान्याच्या मॅनेजरचं नाव आहे, आणि सुहासनं दार वेळेआधी उघडलं हे वाक्य त्यातून गेलं आहे. खटला चालू आहे. गोरखभाऊंनी अहवालाच्या दोन प्रती काढल्या. एक स्वतः कामशेतला नेऊन त्या घरी दिली. दुसरी बिहारला पाठवली, सोबत मी हिंदीत पत्र लिहून दिलं. त्या मुलाच्या बापाचा फोन आला होता. दोघांनाही एकमेकांचं फारसं कळलं नाही, पण फोन बराच वेळ चालू होता.

साहेबांचं काय झालं ते सांगते. ताईंनी हक्कभंगाची सूचना दिली. ती मान्य होऊन दुसऱ्या समितीकडं गेली. तिची एक बैठक झाली, दुसरी पुढं ढकलली गेली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची मुदत संपली. ताई त्या निवडणुकीत उभ्या राहिल्या नाहीत. दरम्यान साहेबांना बढती मिळाली होती.

गोरखभाऊंनी नव्या विधानसभेला अर्ज केला की तो हक्कभंग पुढं चालवा. या वर्षी त्याचं उत्तर आलं. मागील विधानसभेतील प्रलंबित बाबी व्यपगत झाल्या आहेत. व्यपगत म्हणजे काय, ते विचारायला ते माझ्याकडं आले. मी सांगितलं, मुदत संपली म्हणून आपोआप गेली.

"सुहास गेला," ते म्हणाले. "हे गेलं न्हाई, बाई. हे जाऊ दिलं."

मी पुस्तकातलं काही सांगायला गेले नाही. आम्ही बसून नवा अर्ज लिहिला. त्यात त्यांनी दोनच मागण्या घातल्या. एक, तो हक्कभंग नव्यानं दाखल करावा. दुसरी त्यांच्याच शब्दांत आहे, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. समितीनं बोलावलेला अधिकारी न आल्यास त्याला किती दिवसांत आणि कुणी आणायचं, याचा कायदा करावा.

आमदारांची सही लागते म्हणून गेल्या सोमवारी आम्ही तिघं त्यांच्या कार्यालयात गेलो. मानसीनं हॉटेलातून रजा घेतली होती. तिथल्या माणसानं अर्ज चाळला आणि म्हणाला, साहेब बाहेर आहेत, ठेवून जा, बघतो. गोरखभाऊंनी अर्ज त्याच्या हातातून अलगद परत घेतला. ठेवत न्हाई, सायेब येईस्तवर बसतो, असं सांगून त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढली. मानसी त्यांच्या शेजारी बसली. मला खुर्ची नव्हती, ती त्या माणसाला आतून आणावी लागली.